शनिवारचे टीकापाठ

थंडी पडली की मला राग येतो. लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, गोधडीतली सकाळची झोप आठवते. मला राग येतो. मार्गशीर्ष सरत आला, सकाळी गोदेच्या पाण्यावरून वाफा निघायला लागल्या आणि समोरच्या गच्चीवर कुणाची तरी मुलगी शाल गुंडाळून, पुढेमागे डुलत भूमितीची प्रमेयं घोकायला लागली, की माझं डोकं भणभणतं. प्रमेय घोकायचं नसतं गं, असं इथून ओरडून सांगावंसं वाटतं. सांगत नाही. म्हातारीचं ऐकतंय कोण, आणि मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार.

यंदा त्यात एका पत्राची भर पडली. ज्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, तिच्या हल्लीच्या चालकांचं पत्र. शाळेची स्मरणिका निघायची आहे, तरी आपल्या काळातील उत्कृष्ट अध्यापनाच्या परंपरेविषयी चार गोड आठवणी लिहून पाठवाव्यात, असा मजकूर. खाली तीन सह्या. त्यातली एक माझ्याच विद्यार्थिनीची. अपूर्णांक शिकवताना मी हिची बोटं छडीने लाल केली होती. तिला ते आठवत नसेल किंवा आठवत असून ती सभ्यपणे वागत असेल. दोन्हींचा मला सारखाच त्रास झाला.

गोड आठवणी हव्यात म्हणे. संक्रांत तोंडावर आली की सगळ्या गावालाच गोडाची हुक्की येते. वर्षभर शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या आणि त्या एका दिवशी तिच्या हातावर तिळाची वडी ठेवून गोड बोल म्हणायचं. माझ्याकडे गोड काही नाही. जे आहे ते लिहिते. छापायचं की बंबात घालायचं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

एकोणीसशे तीस सालानंतरची चार-पाच वर्षं. त्यातला एक हिवाळा. आमची शाळा तेव्हा तांबट आळीच्या तोंडाशी एका भाड्याच्या घरात भरायची. दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोड्या पडत. नवी बाई आली की पहिले आठ दिवस तिचं डोकं दुखायचं, मग ती ठोक्यांच्या वरच्या पट्टीत बोलायला शिकायची. आम्ही सगळ्या शिक्षिका त्यामुळे घरीही ओरडूनच बोलायचो. घरमालकीणबाई मला म्हणायच्या, "दातारबाई, मी बहिरी नाही हो." मी बालविधवा, एकटी राहणारी, एका खोलीची भाडेकरीण. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याला हे कारण म्हणून मी कितीतरी वर्षं पुढे केलं.

शाळेवर नव्या मुख्याध्यापिका आल्या, प्रधानबाई. पुण्याहून आलेल्या, उंच, नाकावर चष्मा, चालताना चपलांचा आवाज न करणाऱ्या. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की चांगलं शिकवणं ही एखाददुसऱ्या हुशार बाईची मिरास असता कामा नये, ते सगळ्या शाळेत झिरपलं पाहिजे, आणि वर्गातल्या शेवटच्या मुलीपर्यंत पोचलं पाहिजे. शेवटच्या मुलीपर्यंत, हे त्या बोट उचलून म्हणायच्या. आम्ही खाली माना घालून ऐकायचो आणि बाहेर आल्यावर एकमेकींना बोट उचलून दाखवायचो.

आल्या आल्या त्यांनी पाण्याला हात घातला. शाळेत दोन माठ होते. एक बहुतेक मुलींचा आणि दुसरा, कोपऱ्यातला, उरलेल्यांचा. उरलेल्या म्हणजे कोण ते नाशकात सांगावं लागत नसे. देवळाच्या दारातून कुणाला आत जाऊ द्यायचं ह्यावरून गोदाकाठी काठ्या चालत होत्या ते दिवस. प्रधानबाईंनी कोपऱ्यातला माठ एका सकाळी उचलून मागच्या परसात तुळशीला पाणी घालायला ठेवून दिला आणि सगळ्यांसाठी एकच ठेवला. भांडण नाही, भाषण नाही. त्या दिवसापासून आम्हा शिक्षिकांना एकाएकी घरच्या पाण्याची गोडी लागली. जी ती झाकणाचा तांब्या घेऊन यायची. मीही न्यायची. माझा तांब्या आमच्याच आळीत घडलेला होता आणि त्याला घट्ट बसणारं झाकण मी मुद्दाम करून घेतलं होतं.

मग त्यांनी टीकापाठ काढले. ट्रेनिंग कॉलेजात शिकाऊ शिक्षकांना असतात तसे. दर शनिवारी सकाळी एका बाईने मॅट्रिकच्या वर्गावर पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मागे भिंतीशी बसून वहीत लिहायचं. शाळा सुटल्यावर ऑफिसात चहा घेत प्रत्येकीने त्या पाठातला निदान एक दोष मोकळेपणाने सांगायचा. मोकळेपणाने हा त्यांचा आवडता शब्द. बारा-बारा वर्षं नोकरी झालेल्या बायकांना पोरीसारखं फळ्यापुढे उभं करायचं आणि वर मोकळेपणाने म्हणायचं.

पहिले दोन महिने खरोखर वाईट गेले. इतिहासाच्या बाई एका शनिवारी रडल्या. संस्कृतच्या बाईंनी राजीनामा लिहून पदराला बांधून ठेवला होता. माझ्या पहिल्या पाठावर प्रधानबाईंनी लिहिलं होतं, "प्रश्न चारच मुलींना विचारले गेले." खरंच होतं ते. मी रात्रीचं जेवले नाही.

पण बायकांना अडचणीतून वाट काढायला कुणी शिकवावं लागत नाही. तिसऱ्या महिन्यात आम्ही शुक्रवारीच दोष वाटून घ्यायला लागलो. तू सांग की फळ्यावरचं अक्षर थोडं बारीक होतं. तू सांग की शेवटी घाई झाली. तू सांग की आवाज चढा होता, तो तांबटांवर ढकलता येतो. कुणी कुणाला खरा दोष सांगायचा नाही, हा करार. चहाच्या वेळी आम्ही ते दोष इतक्या गंभीरपणे वाचून दाखवायचो की प्रधानबाई खूश व्हायच्या. "वातावरण बदलतंय," असं त्या म्हणाल्या एकदा. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्ही मान हलवली.

सर्वांत मोठी युक्ती मात्र माझी. श्रेय दुसऱ्या कुणाला देणार नाही. मॅट्रिकच्या वर्गात एकवीस मुली होत्या. त्यातल्या सात अशा, की चालत्या पाठाला खीळ घालायच्या. एक अडखळून बोलायची, एक सारखी आजारी, एकीला फळ्यावरचं दिसायचं नाही, एक ओझरकडच्या मळ्यातून बैलगाडीने यायची आणि आल्यावर तासभर पेंगायची. अशा सात. मी सुचवलं की शनिवारी सकाळी ह्या सातजणींना शिवणाच्या गंगूताईंकडे पाठवावं. वार्षिक प्रदर्शनासाठी भरतकाम हवंच होतं. प्रधानबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी परवानगी दिली, वर म्हणाल्या, हातालाही शिक्षण हवं.

शनिवारचे वर्ग मग असे रंगायला लागले म्हणता. उरलेल्या चौदाजणींकडून शुक्रवारी शाळा सुटल्यावर एकदा पाठ करून घेतलेलाच असायचा. प्रश्न विचारला की चौदाच्या चौदा हात वर. ओसरीवर सातजणी उन्हात बसून उशांच्या अभ्र्यांवर मोर काढायच्या. आतला आवाज त्यांना ऐकू जायचा, फळा दिसायचा नाही.

त्या सातांतली एक जैनब. आणि त्या हिवाळ्यात प्रश्न होता तो तिचाच, की तिचा मॅट्रिकचा फॉर्म जाणार की नाही.

जैनब मणियारांची. तिची आई हमीदाबी डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन घरोघर हिंडायची. अर्ध्या गावातल्या सुवासिनींचे हात तिच्या हातांतून गेलेले. बाप लहानपणीच गेला होता. कुणा वकिलाच्या बायकोने, हातात बांगड्या भरून घेता घेता, पोरीला शाळेत घाल म्हणून सांगितलं आणि हमीदाबीने खरंच घातलं. जैनब सावळी, बारीक, वेणीला नेहमी हिरवी फीत. ती ढ नव्हती. तिची खोड वेगळीच. मी एखादी गोष्ट समजावली की बाकीच्या मुली समजली म्हणून माना हलवायच्या, आणि ही दाराजवळच्या बाकावरून शांतपणे म्हणायची, "बाई, परत एकदा." परत सांगितलं की पुन्हा, "बाई, परत एकदा." तिसऱ्यांदा मात्र तिला असं समजायचं की ते कायमचं. पण टीकापाठात तीनदा सांगायला वेळ कुणाला. म्हणून ती ओसरीवर.

पौषात पूर्वपरीक्षा झाली. जी पास होईल तिचाच फॉर्म शाळा मुंबईला पाठवायची. कच्च्या मुली गाळल्या की निकाल शंभरातले शंभर लागतो, हे काही आम्ही शोधून काढलेलं नव्हतं, सगळीकडे तेच चालायचं. मी गणिताचे पेपर खोलीत रजई पांघरून तपासत होते. जैनबचं अंकगणित स्वच्छ होतं. बीजगणितात तिने वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला, वकिलांच्या कुसुमला, मागे टाकलं होतं. मग वर्तुळांची भूमिती आली आणि पानं कोरी. नुसती कोरी नव्हेत. प्रत्येक प्रश्नाचा आकडा नीट घातलेला, खाली समासापासून समासापर्यंत मोकळी जागा सोडलेली.

मला कळायला वेळ लागला नाही. वर्तुळांची भूमिती मी माझ्या पाळीच्या शनिवारीच शिकवत होते. फळ्यावर दिसायला सुंदर म्हणून. रंगीत खडू वापरता येतात म्हणून. वर्षभरातले माझे सगळ्यांत चांगले, रात्र रात्र तयारी केलेले तास मी ज्यांना गरज नव्हती त्यांना शिकवले होते, आणि जिला गरज होती तिच्याकडून मोर काढून घेतले होते. मी तिला नापास केलं. ओसरीवरच्या बाकीच्या सहाजणीही गळाल्या. त्यांच्याविषयी कुणी काही विचारलं नाही, त्यांच्या घरच्यांनीसुद्धा नाही. आज मला त्या सगळ्यांची नावं सांगता येणार नाहीत.

परवा समोरच्या गच्चीवरच्या मुलीला, ती आमच्याच शाळेत जाते, मी विचारलंच, तुमच्या शाळेत अजून शनिवारी पाठ होतात का गं. ती म्हणाली, "हो आजी, पण त्याला सगळ्यांना नाही बसवत. आमच्या तुकडीतल्या निवडक मुलींना बसवतात." तिच्या आवाजात अभिमान होता, ती निवडक होती. मी खिडकी लावून घेतली.

त्या वर्षी संक्रांत चार दिवसांवर आली होती. आमच्या घरमालकीणबाईंकडे बांगड्या भरायला बायका जमल्या होत्या. हमीदाबी अंगणात फतकल मारून बसली होती. अशा दिवशी मी खोलीचं दार ओढून घ्यायची. विधवेने समोर यायचं नाही हा भाग होताच, शिवाय मला त्या काचेच्या किणकिणीचा मनापासून तिटकारा होता. बायका गेल्या. दारावर थाप पडली. हमीदाबी दारात, पाटी बाहेर ओट्यावर ठेवून आलेली.

"बाई, एक बात विचारू का?" ती म्हणाली. "माझी छोरी ढ हाय?"

"नाही," मी म्हटलं.

"आळशी हाय?"

"नाही. असं कोण म्हणालं?"

"मंग तिचा फारम का नाय जात?"

मी भूमितीचं सांगितलं. भूमितीत एकही गुण नाही, शाळेचा नियम आहे, मी काय करणार. मी बराच वेळ बोलले. ती सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "त्ये भूमिती का काय मला कळत नाय बाई. पन ती शिकवती कोन? तुमीच ना?"

मी दाराची कडी हातात धरली.

"सगळ्या गावाचे हात मला ठावं हायती," ती म्हणाली. "हात मोठा असंल तर म्या बांगडी मोठी काढते. बाईला म्हनत नाय, तुझा हात नापास." मग तिला आपण फार बोललो असं वाटलं असावं. "राग नका मानू. पोरगी जेवत नाय दोन दिवस, म्हनून आले."

मी राग मानला. अतिशय राग मानला. दार लावल्यावर मी बडबडत राहिले की ह्यांना शाळेत घ्यायचं आणि वर ह्यांनी आम्हाला शिकवायचं. पण झोप आली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी प्रधानबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढे जैनबचा पेपर होता. नापास मुलींचे पेपर त्या स्वतः बघायच्या, हे मला माहीत नव्हतं.

"हिचं बीजगणित एवढं चांगलं आणि भूमिती कोरी. असं कसं झालं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "त्या भागात कच्ची आहे."

"फॉर्म जायच्या आधीच्या शनिवारला अजून बारा दिवस आहेत. त्या शनिवारी पाठ तुमचाच आहे ना? तोवर तिची तयारी करून घ्या. त्या दिवशी तिला वर्गात बसवा आणि एक सिद्धता तिच्याकडून सगळ्यांसमोर काढून घ्या. मी ऐकते. तिला जमलं तर सोमवारी तिचा फॉर्म जाईल."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, स्वतःचं नाव मोठं व्हायला हिला एक मणियारीण हवी आहे. माझं मन तेव्हा असंच चालायचं, उगाच कशाला लपवू.

त्या बारा दिवसांविषयी मला फार लिहायचं नाही, कारण ते चांगले होते. मधल्या सुट्टीत जैनब आणि मी ओसरीवर बसायचो. ऊन पाठीवर यायचं. तिच्याकडे कंपास नव्हता आणि शाळेच्या कंपासाचं टोक मोडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने आईच्या पाटीतली एक हिरवी बांगडी आणली, लिहायच्या दगडी पाटीवर ठेवली आणि पेन्सिल फिरवून वर्तुळ काढलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्याचा मध्य कुठाय?"

कंपासाने वर्तुळ काढलं की मध्य आधीच टोचलेला असतो. बांगडीच्या वर्तुळाला मध्य नसतो, तो शोधावा लागतो. आणि तो शोधण्यासाठीच ते प्रमेय आहे. वर्तुळात कुठलीही एक जीवा काढा, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत जाणारी सरळ रेघ. तिच्या बरोबर मधून काटकोनात दुसरी रेघ काढा. ही रेघ वर्तुळाच्या मध्यातून जाणारच. अशा दोन जीवा घेतल्या की त्या दोन रेघा जिथे भेटतात तो मध्य. मी नऊ वर्षं हे प्रमेय शिकवत होते आणि ते कशासाठी आहे हे एकाही मुलीला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. जैनबला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः दोन जीवा काढल्या, दोन लंब काढले आणि ते जिथे मिळाले तिथे बोट ठेवून बसून राहिली. मग म्हणाली, "सगळ्या बांगड्यांचा असाच निघंल?" मी म्हटलं, सगळ्यांचा. ती हसली. मला ती बांगडी हातात घेऊन बघावीशी वाटली आणि मी घेतली. काच उन्हाने कोमट झाली होती.

बाराव्या दिवसापर्यंत ती सिद्धता तिला इतकी येत होती की अक्षरं बदलून, आकृती उलटी करून विचारली तरी ती अडायची नाही. कुसुमला हे आलं नसतं.

शुक्रवारी दुपारी निरोप आला की उद्या इन्स्पेक्ट्रेसबाई शाळेला भेट देणार आहेत आणि शनिवारच्या पाठांविषयी ऐकून त्यांना एक पाठ बघायचा आहे. शाळेत धावपळ उडाली. तोरण लागलं, ओसरी सारवली. चालकांपैकी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "दातारबाई, उद्याचा पाठ चोख झाला तर तुमच्या कायम होण्याचं बघूच." माझी पोळी पिकली. शुक्रवारी संध्याकाळी मी चौदाजणींना थांबवून पाठ दोनदा करून घेतला. जैनबला थांबवलं नाही. तिला गरज नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी तांबटांनासुद्धा कुणी तरी हातोडे तासभर थांबवायला सांगितले होते. ती शांतता मला सोसवेना. वर्गात पंधरा मुली. जैनब दाराजवळ, धुतलेल्या परकरात, हिरव्या फितीत. मागे भिंतीशी खुर्च्यांवर इन्स्पेक्ट्रेसबाई, प्रधानबाई आणि बाकीच्या शिक्षिका. मी रंगीत खडूने वर्तुळ काढलं. पाठ लोण्यासारखा चालला होता. एकेक प्रश्न, वर गेलेले हात, स्वच्छ उत्तरं. इन्स्पेक्ट्रेसबाई वहीत लिहीत होत्या आणि मान डोलावत होत्या.

सिद्धतेची वेळ आली. मी विचारलं, "हा लंब वर्तुळमध्यातूनच जातो हे कोण सिद्ध करून दाखवील?"

पंधरा हात वर गेले. चौदा हात मी शिकवल्याप्रमाणे, कोपर सरळ, बोटं जुळवलेली. पंधरावा थोडा पुढे झुकलेला. जैनब माझ्याकडे बघत होती. तिच्यामागून प्रधानबाई माझ्याकडे बघत होत्या. नुसतं नाव घ्यायचं होतं.

मला काय झालं ते मी नंतर पुष्कळदा तपासलं आहे. ती चुकेल अशी भीती नव्हती. ती उभी राहील, "बाई, बांगडीचा मध्य" असं काहीतरी तिच्या बोलीत बोलेल, पाहुण्यांच्या भुवया वर जातील, माझ्या तुळतुळीत पाठावर ओरखडा उठेल, ही भीती. मला तिच्या बोलण्याची लाज वाटली. नोकरीचं नंतर सुचलं. मी म्हटलं, "कुसुम."

कुसुम आली, तिने पुस्तकातली सिद्धता पुस्तकासारखी म्हटली. पुढचा प्रश्न, दुसरी मुलगी. त्याच्या पुढचा, तिसरी. जैनबचा हात प्रत्येक प्रश्नाला वर होता. घंटा झाली.

पाहुण्या गेल्यावर प्रधानबाई मला म्हणाल्या, "जैनबला विचारलं नाहीत."

"तयारी झाली नाही तिची," मी म्हटलं.

"तिचा हात वर होता."

"हात काय, सगळ्यांचेच वर असतात," मी म्हटलं. "शुक्रवारी सांगितलेलं असतं."

त्यांनी चष्मा काढला. दीड वर्षांच्या टीकापाठांचं खरं रूप त्यांना त्या क्षणी कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि सांगायला लाज वाटते पण मला तेव्हा बरं वाटलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "विषय तुमचा आहे. बारा दिवस तुम्ही तिला शिकवलंत. तुमचा शब्द मी मानते." एका पाण्याच्या माठाने पुढल्या वर्षी त्यांची नोकरी खाल्ली. चालकांनी कारण दुसरं दिलं. त्या गेल्या त्या दिवशी स्टेशनवर पोचवायला आमच्यातली कुणी गेली नाही. टीकापाठ मात्र आम्ही चालू ठेवले. इन्स्पेक्ट्रेसबाईंच्या शेऱ्यामुळे शाळेचं नाव झालं होतं. मी कायम झाले. त्या वर्षी चौदापैकी चौदा पास झाल्या, आणि तीच ही परंपरा, जिच्याविषयी मी गोड लिहायचं आहे. हमीदाबीने मुलीचा निकाह उन्हाळ्यात लावला, कळवणकडे दिली असं ऐकलं. मी चौकशी केली नाही.

त्या शनिवारी मी ऑफिसातून बाहेर आले तर जैनब ओसरीवर उभी होती. बाकी सगळ्या घरी गेल्या होत्या.

"बाई, मला येत होतं," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मोठ्या बाईंना सांगाल?"

"सोमवारी बघू," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. "बरं," म्हणाली आणि धावत गेली. तिला वाटलं मी सांगणार. का वाटू नये, मी बारा दिवस तिला शिकवलं होतं.

सोमवारी ती सर्वांच्या आधी आली आणि ऑफिसच्या दाराबाहेर थांबली. शिपाई फॉर्मांचं पाकीट घेऊन तिच्या अंगावरूनच टपालाला गेला. मी वर्गाकडे निघाले तशी ती माझ्याबरोबर चालू लागली. "बाई, माझा आहे ना त्यात?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं, न थांबता, समोर बघत. ती मागे राहिली. मी आत जाऊन खुर्चीत बसले, हजेरीचं पुस्तक उघडलं आणि नावं घ्यायला लागले. तिचं नाव आलं तेव्हा मला वाटलं होतं की आता बाक रिकामा असेल. मी मान वर केली नाही. दाराजवळून, रोजच्याच आवाजात, ती म्हणाली, "हजर, बाई."